लेकराला गाण्यासाठी बाहेर धाडू का?

अंबाजोगाईत गाणं शिकवते म्हटल्यावर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. परळीहून, केजहून येणारेही तोच विचारतात: "मॅडम, लेकराचा गळा चांगलाय म्हणता, मग त्याला पुण्या-मुंबईला धाडावं का? इथं राहून काय होणार?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या प्रश्नावर मला दर वेळी मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश गायक आठवतो.

१७७५ साली सेव्हिलला जन्मला, लहानपणी चर्चमध्ये गायला, मग काडिझ आणि माद्रिदच्या रंगभूमीवर आला. ऑपेरा हा आपल्या संगीत नाटकाचा लांबचा भाऊबंद समजा. तिथं बहुतेक संवादही गाऊनच होतात. गार्सिया नुसता गात नव्हता, स्वतः ऑपेरा रचतही होता. १८०५ साली माद्रिदमध्ये त्याने एकाच पात्राचा ऑपेरा रंगभूमीवर आणला. त्यातलं चोरट्या व्यापाऱ्याचं गाणं इतकं गाजलं की पुढे लिस्ट या नामवंत पियानोवादक-संगीतकाराने त्यावर पियानोची रचना केली.

१८०८ साली तो पॅरिसच्या रंगमंचावर उभा राहिला. वय तेहतीस, मायदेशात नाव झालेलं. तिथं तो इटालियन ऑपेरा गायला आणि पुढच्याच वर्षी आपला तो स्पॅनिश ऑपेराही पॅरिसकरांना ऐकवला. परक्या मुलखात पाऊल ठेवताना स्वतःची चीज त्याच्याजवळ होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याहून मोलाचं पुढे घडलं. इटलीत नेपल्सला गेल्यावर तो जोव्हान्नी अन्सानी या जुन्या गायकाकडे पुन्हा शिकायला बसला. पस्तिशी उलटलेली, टाळ्या मिळवून झालेल्या, आणि तरी इटालियन गायकीचा जुना रियाज त्याने नव्याने धरला. आपल्याकडे विशारद झालं की मुलं तानपुऱ्यासमोर बसायला कंटाळतात, आणि पालकही 'आता कार्यक्रम कधी?' म्हणून मागे लागतात. त्यांना मी अन्सानीपुढे बसलेला गार्सिया सांगते. त्या शिक्षणाचं फळ लवकरच दिसलं. १८१६ साली रोममध्ये रोसिनी या इटालियन संगीतकाराचा 'सेव्हिलचा न्हावी' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा त्यातल्या प्रेमवीर सरदाराची, आल्माव्हिव्हाची, भूमिका गार्सियाची होती, आणि त्याचं मानधन खुद्द रोसिनीपेक्षा जास्त होतं.

१८२५ साली तो न्यूयॉर्कला गेला. २९ नोव्हेंबरला पार्क थिएटरात तोच ऑपेरा इटालियनमध्ये उभा राहिला. बाप आल्माव्हिव्हा, सतरा वर्षांची मुलगी मारिया ही नायिका रोझिना, मुलगा मान्वेल हा न्हावी फिगारो, आणि बायको होआकिनाही त्यात गाणारी. मोझार्टसाठी 'डॉन जोव्हान्नी'चं काव्य लिहिणारा दा पोंते तेव्हा म्हातारपणी त्याच शहरात राहत होता. पुढच्या वर्षी या मंडळींनी तोही ऑपेरा केला. नंतर मेक्सिको. तिथं नुकतंच स्वातंत्र्य मिळालेलं, स्पॅनिश माणसांवर रोष. निघताना वाटेत दरोडेखोरांनी लुटलं. पॅरिसला परतला तेव्हा आवाजही उतरला होता. १८३२ साली वारला, तोवर शिकवत राहिला.

हे सगळं कुटुंब घरातच तयार झालं. मारिया मालिब्रान म्हणून युरोपभर गाजली. धाकटी पोलीन गायिका आणि संगीतकारही झाली. मुलगा मान्वेल लंडनला स्थायिक झाला. १८५४ साली लहान आरसा घशात धरून त्याने गाताना स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. गार्सियाचा मुलांवरचा धाक मात्र मला अजिबात पटत नाही. मारिया शिकताना रडायची, असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. रडवून शिकवलेलं गाणं मी माझ्या वर्गात होऊ देणार नाही, मग त्यातून मालिब्रान का घडेना.

आणि 'इथं काय आहे' म्हणाल तर, संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले. ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत झाला. आमचे दासोपंत नारायणपेठेचे, पण रागांतली पदं रचत राहिले ते अंबाजोगाईला. गाणारी माणसं या मातीकडेही चालत आलेली आहेत.

तर तुमच्या मुलाबद्दल. त्याला पाठवा, पण या वर्षी नको. त्याचा षड्ज अजून डळमळतो, आवाजही आता फुटेल. त्या काळात गळा ताणला तर नुकसान होतं. दहावीपर्यंत इथं रोज सकाळी बसू दे. तुमच्या वडिलांच्या भजनी मंडळातली पदं आणि भारुडं त्याला तोंडपाठ होऊ द्या, ती त्याला पुण्यात कुणी शिकवणार नाही. मग शहर निवडण्याआधी गुरू निवडू. त्यांच्यासमोर त्याला एकदा गायला बसवू, ते काय म्हणतात ते ऐकू आणि मगच खोलीचं भाडं विचारायला जाऊ. त्या दिवशी मी सोबत येईन.