बॉस्को गुरिन: चढाला घाबरू नका, उताराला घाबरा

स्वित्झर्लंडमधल्या बॉस्को गुरिन गावातून खिंड ओलांडून चालत इटलीत उतरायचं, असा आमचा बेत होता. वाटेवरच्या पिवळ्या पाटीवरच्या वेळेवर विश्वास ठेवला, इथेच आमचं चुकलं. स्विस पाट्यांवरच्या वेळेत फक्त चालणं धरलेलं असतं. टेकणं, पाणी पिणं, फोटो काढणं, सगळं वरचं. पाठीवर बोजा असेल तर सरळ दीडपट वेळ धरा. आम्ही धरला नाही आणि त्याची किंमत मोजली.

बॉस्को गुरिन हे स्वित्झर्लंडच्या टिचिनो कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य) सगळ्यात उंचावरचं गाव, उंची सुमारे १५०० मीटर. लोकार्नोहून बसने चेवियो, तिथे बस बदलून घाटाची वळणं घेत वर. बसने येणाऱ्याला एक कोडं पडतं. सगळं कँटन इटालियन बोलतं आणि इथे म्हातारी माणसं जुनी जर्मन बोली बोलतात. माझा मित्र झुरिकला आठ वर्षं राहून जर्मन शिकलेला, पण त्यालाही दोन बायांच्या गप्पांतलं निम्मं कळेना.

कोडं सुटतं ते खिंडीत. ही माणसं खालून आलीच नाहीत. वालिस कँटनच्या वरच्या भागातले जर्मन बोलणारे वाल्सर लोक आधी खिंडीपलीकडच्या, आज इटलीत असलेल्या फोर्मात्सा खोऱ्यात स्थिरावले आणि तिथून तेराव्या शतकात डोंगर ओलांडून इकडे उतरले. इथलं चर्च मूळचं १२५३ सालचं. लाकडाचं वाल्सरहाउस १३८६ चं, १९३८ पासून त्यात संग्रहालय आहे. दारात वाकूनच शिरा, मी कपाळावर टेंगूळ घेऊन आलो. गावातल्या धान्याच्या कोठ्याही बघा. लाकडी खांबांवर दगडाच्या गोल चकत्या आणि त्यांवर कोठी, म्हणजे उंदराला वर चढता येत नाही. कोसळणाऱ्या हिमकड्यांनी मात्र या गावाला छळलंय: १६९५ मध्ये ३४ माणसं गेली, १७४९ मध्ये ४१. आज वर्षभर राहणारी पन्नासेकच असतील.

आता मुद्द्याचं. गुरिनर फुर्का ही खिंड २३२३ मीटरवर. गावापासून आठशे मीटरचा चढ, वाट स्पष्ट, पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणा. सह्याद्रीत नियमित चढणाऱ्याला त्रास नाही. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पलीकडचा इटलीचा उतार हा खरा शत्रू. फोर्मात्सा खोऱ्यातल्या फोंदोव्हाल्ले गावापर्यंत अकराशे मीटर खाली, एकाच दमात. निम्म्या वाटेवर घसारा, तोही ओला. खडा सुटतो, पाय सुटतो, मागचा माणूस ओरडतो, आणि हे दोन तास. नंतर जंगलातली मुळं. मुंबईहून आणलेल्या जुन्या बुटांचा तळ गुळगुळीत झालेला, ती माझीच चूक. काठ्या न घेता ही वाट करू नका. गुडघे कुरकुरत असतील तर खिंडीवरूनच परत फिरा आणि आलात त्या बसने जा, त्यात कमीपणा काही नाही. पाऊस पडत असेल तर खिंडीचा विचारही नको. जूनमध्ये वर बर्फ असू शकतं. जुलै ते सप्टेंबर बरा.

आणि खाली पोचल्यावर? शेवटची बस निघून गेलेली. एका टॅक्सीवाल्याने दोमोदोस्सोला या रेल्वेच्या गावापर्यंतचे ऐंशी युरो मागितले. घासाघीस केल्यावर सत्तर. मला अजून राग आहे, पण दुसरं करणार काय? खिशात सगळे स्विस फ्रँक होते, तेही त्याने मनमानी दराने घेतले. युरो सुटे ठेवा आणि परतीच्या बसची वेळ निघण्यापूर्वी बघा. बस नसेल तर खोऱ्यात मुक्काम आधीच ठरवा. खिंडीत तपासणी नसली तरी पासपोर्ट जवळ हवाच, देश बदलतो.

दुसऱ्या दिवशी दोमोदोस्सोलाहून चेंतोव्हाल्लीच्या छोट्या रेल्वेने लोकार्नो गाठलं. सुंदर होतं म्हणतात. मी झोपलो होतो.