गुजरीतलं दुकान ते खडे तपासणी : आमची वाटचाल

कोल्हापुरात गुजरीत आमचं राशीच्या खड्यांचं दुकान तसं जुनं, वडिलांनी म्हणजे आबांनी सुरू केलेलं. माल जयपूरच्या जोहरी बाजारातून यायचा, दलाल ठरलेले, सगळा व्यवहार विश्वासावर, आणि आबांची नजर तयार होती हे खरंच, पुडी उघडली की पुष्कराजात घुसलेला सुनेला (तसाच पिवळा दिसणारा, पण स्वस्त खडा) ते आयग्लास म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग न लावता बाजूला काढायचे. पण कारखान्यातला माल इतका हुबेहूब यायला लागला की नुसत्या नजरेवर आता भागणार नाही हे त्यांनाच आधी कळलं, म्हणून बीकॉम झाल्या झाल्या मला त्यांनीच मुंबईला जेमॉलॉजीच्या म्हणजे रत्नशास्त्राच्या डिप्लोमाला पाठवलं. खडे विकायला कसलं आलंय कॉलेज असं म्हणणारे भाऊबंद होतेच.

तिथं पहिल्यांदा रिफ्रॅक्टोमीटर हातात आला, खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा (अपवर्तनांक) दाखवणारं यंत्र. काचेवर लिक्विडचा एक थेंब टाकायचा (गंधक असतं त्यात, वास डोक्यात जातो, आणि लगेच पुसलं नाही तर काचेवर पिवळे कण जमतात), खडा पालथा ठेवायचा आणि आयपीसमधून स्केलवर सावलीची कड कुठे पडते ते बघायचं. पुष्कराज असेल तर १.७६ ते १.७७, टोपाझ १.६२ च्या आसपास, सुनेला १.५५. खडा हळूहळू फिरवला की पुष्कराजाच्या दोन कडा वेगवेगळ्या दिसतात, काचेला एकच. इतकं सोपं वाटतं ना, पण खरी गोम पुढे आहे, कारखान्यात केलेला पुष्कराजही १.७६ च दाखवतो कारण रसायन तेच! तिथं मग मायक्रोस्कोप. नैसर्गिक खड्यात रेशमासारख्या बारीक सुया, सरळ किंवा कोनात जाणारे रंगाचे पट्टे, बनवलेल्यात गोल बुडबुडे नाहीतर वाकड्या रेषा. आणि आमचं गिऱ्हाईक नेमका आत काहीही नसलेला खडा मागतं, आम्हाला तोच बघून शंका येते.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे घरातली जुनी अंगठी. आजीची आहे म्हणजे माणिक खरंच असणार असं लोक धरून चालतात, पण वर्नेई नावाच्या फ्रेंच माणसाने ज्वालेत माणिक बनवायची पद्धत १९०२ मध्येच जाहीर केली होती, आणि तसली माणकं आपल्याकडच्या जुन्या कुड्या-अंगठ्यांत भरपूर सापडतात. हे सांगितल्यावर लोक आजीचा अपमान केल्यासारखे बघतात. मायक्रोस्कोपखाली त्या वाकड्या रेषा त्यांनाच बघायला लावतो, मग आवाज खाली येतो.

दुसरा ताप ग्लास फिलिंगवाल्या माणकाचा. तडे गेलेल्या हलक्या मालात शिसं असलेली काच भरतात, वरून लालबुंद, हलवलं की आत निळसर चमक मारते. हा नैसर्गिक म्हणूनच खपवतात, आणि माणिक खाणीतलंच असतं त्यामुळे ते अर्धं खरं पण असतं. पुढे अंगठी मोठी करायला सराफाकडे गेली, खडा न काढता डाख दिला, तेजाबात टाकली की काच खराब होऊन पांढऱ्या रेघा उठतात आणि भांडण सराफाशी. म्हणून आमच्या बिलावर आम्ही नैसर्गिक की कृत्रिम, रंग खुलावा म्हणून नुसता तापवलेला की काच भरलेला हे सगळं लिहितो आणि वजन कॅरेटमध्ये, रती दुकानागणिक बदलते, कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, विषय संपला. सुरुवातीला बिल वाचून गिऱ्हाईकं पुढच्या दुकानात जायची, आबा काही बोलायचे नाहीत पण गल्ल्याकडे बघायचे.

धंदा फिरला तो गल्लीतल्या सराफांमुळे. मोडीत आलेल्या दागिन्यातले खडे तेच आमच्याकडे पाठवायला लागले, मग तपासणीचं वेगळं टेबल टाकलं, आता निम्मं काम तेच आहे. हिऱ्याला मात्र आम्ही हात आखडता घेतो, उष्णतेवर चालणारा साधा टेस्टर लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यालाही हिराच म्हणतो, त्यामुळे ते आणि भारी किमतीचे खडे सरळ मुंबईच्या लॅबला पाठवतो, फी गिऱ्हाईकाची. खडा शक्यतो दागिन्यातून मोकळा करून आणा, सोन्यात बसलेला असला की पाण्यात तोलून घनता काढता येत नाही आणि रिपोर्टवर तसं लिहावं लागतं.