आधी किती होती?

आमच्या एका ट्रकचालकाचा, काकांचा, फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि मी हवेच्या पंपांचाच तक्ता भरत बसलो होतो.

"साहेब, मागच्या डावीकडच्या आतल्या टायरात हवा भरतोय. ११० लावलीय. बरोबर ना?"

"बरोबर आहे काका. पण भरायला घेतली तेव्हा आधी किती होती?"

पलीकडे पंपाची घरघर चालू होती. "ते नाही बघितलं. बटण दाबलं की लगेच धावायलाच लागतो हा."

एवढ्यावर मी खुर्चीतून उठलो. का उठलो ते सांगायला सकाळपासून सुरुवात करावी लागेल.

माझ्याकडे चौदा इलेक्ट्रिक ट्रकांची देखभाल आहे. सगळ्या मोठ्या गाड्या, मागे जोडचाकं, म्हणजे एकाला एक लागून दोन टायर, एक आतला आणि एक बाहेरचा. टायरात ११० पीएसआय हवा. चेसिसच्या दोन्ही बाजूंना बॅटऱ्या बसवल्यामुळे स्टेपनी टांगायला जागा उरलेली नाही, आणि वजनाचा हिशेब करणाऱ्यांना ती नकोच होती. त्यात हवा पाच-दहा पीएसआयने जरी उतरली तरी टायर जास्त दबतो, रस्ता जास्त धरतो आणि चार्ज लवकर संपतो. डिझेलच्या गाडीत हा फरक महिनाअखेरीस बिलात दिसतो. इथे चालकाला तो समोरच्या पडद्यावर, उरलेल्या किलोमीटरांत, लगेच दिसतो. म्हणून चालकच मागे लागले की गाडीत हवेचा पंप द्या.

खरं तर गाडीत हवा असतेच. ब्रेक हवेवरच चालतात. डिझेल गाडीचे जुने चालक ब्रेकच्या हवेच्या टाकीजवळच्या तोंडाला पाइप लावायचे, इंजिनला रेस द्यायचे आणि टायर भरून घ्यायचे. इलेक्ट्रिक गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, आणि टाकी भरली की तो गप्प बसतो. गाडी 'रेडी'त ठेवायची, ब्रेकचं पेडल दाबून दाबून टाकीतला दाब उतरवायचा, मग तो जागा होतो. रेस द्यायला इंजिनच नाही. हे एकदा समजावलं की जमतं, पण आमच्या गाड्यांबरोबर तो पाइपच आला नव्हता. मागवा म्हणून मी दोनदा लिहिलं होतं. पाइपाऐवजी तीन पंपांचे नमुने आले आणि "वापरून बघा, कुठला सोयीचा ते कळवा" असा निरोप आला.

त्या सकाळी मी आणि माझा मदतनीस ते तीन पंप घेऊन आवारात बसलो.

पहिला, ड्रिल मशीनला असते तशी बॅटरी लावायचा. हातात मावणारा, देखणा, खोक्यावर ठळक अक्षरांत १५० पीएसआय. हा आकडा खोटा नसतो, पण त्याने फसायला होतं. पंप किती दाबापर्यंत ढकलू शकतो एवढंच तो सांगतो. किती हवा ढकलतो ते सांगत नाही. कारच्या टायरात तीसेक लिटरची पोकळी असते. आमच्या टायरात शंभर लिटरच्या वर. दाब १४.७ पीएसआयने, म्हणजे वातावरणाच्या एका दाबाने वाढवायचा तर त्या पोकळीएवढीच बाहेरची हवा पुन्हा आत कोंबावी लागते. आणि खोक्यावर मिनिटाला इतके लिटर म्हणून जे छापलेलं असतं ते बहुतेक वेळा उघड्या तोंडाचं माप असतं. समोर शंभर पीएसआय उभे असले की त्यातला लहानसा हिस्साच हाती लागतो. पुढच्या एका टायरात ९८ होती, ती ११० करायला त्याला दहा मिनिटं लागली. दुसरा टायर अर्धा झाला आणि पंप तापून बंद पडला. मदतनिसाने बोट लावून बघितलं आणि झटक्यात मागे घेतलं. 'तोटे' या रकान्यात मी लिहिलं: तापून मध्येच बंद पडतो.

दुसरा, बॅटरीला चिमटे लावायचा. जोरदार होता, पण १२ व्होल्टचा. आमच्या गाड्यांची छोटी वायरिंग, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोठ्या बॅटरीपासून वेगळी, किरकोळ कामांची, २४ व्होल्टची आहे. १२च्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. मदतनिसाने हुशारीने दोन्ही चिमटे एकाच बॅटरीला लावले. पंप छान चालू झाला. मी तो लगेच काढायला लावला. अशाने एकच बॅटरी उतरते, दुसरी भरलेली राहते, आणि चार्ज होताना दोघींना सारखाच करंट मिळत असल्याने उतरलेली उपाशी राहते नि भरलेली जास्त खाते. थोड्या दिवसांत दोन्ही जातात. शिवाय गाडी झोपलेली असली तर मोठ्या बॅटरीकडून या छोट्या बॅटऱ्यांना काहीच येत नाही. पंपाने त्या पिऊन टाकल्या की मोठ्या बॅटरीचा रस्ता उघडणारे कॉन्टॅक्टरसुद्धा ओढले जात नाहीत. खाली शेकडो किलोमीटरचा चार्ज भरून ठेवलेला आणि गाडी मेलेली. असं एकदा माझ्या समोर झालंय, पंपाने नव्हे, केबिनमधल्या पंख्याने.

तिसरा, २४ व्होल्टचा, दोन सिलिंडरचा, जड. उचलताना कुरकूर होईल असा. पण त्याचा पाइप पाच मीटरचा होता आणि तोंडाला घट्ट बसणारी चाप होती. एकदा लावली की सोडून लांब जाता येतं. मला तो आवडला. 'तोटे'मध्ये 'वजन' लिहिलं आणि पुढे गेलो. लांब पाइपाचं महत्त्व मला तेव्हाही ठाऊक होतं, पण पुस्तकातलं ठाऊक असणं होतं ते.

एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्या जातीचा एक पंप मी आठवड्यापूर्वीच काकांच्या गाडीत ठेवला होता, रस्त्यावरचा अनुभव मिळावा म्हणून. त्याचा पाइप जेमतेम दोन वीत. जोडचाकातल्या आतल्या टायरच्या वॉल्व्हपर्यंत तो पोचेना, कारण बाहेरच्या डिस्कच्या भोकातून हात घालून, न बघता, पाइपाचं तोंड आट्यांवर फिरवावं लागतं. म्हणून मी सगळ्याच गाड्यांच्या आतल्या वॉल्व्हना वाढीव नळ्या लावून घेतल्या. तोंड बाहेर आलं, काम सोपं झालं. काकांनी "आता कसं बरं झालं" म्हणून दाद दिली होती.

आता पुन्हा फोनकडे.

मी ऑफिसच्या संगणकावर त्या गाडीची टायरची नोंद उघडली. आमच्या प्रत्येक चाकात दाबाचा सेन्सर आहे. त्या टायरात सकाळी सातला १०८. अकरानंतर आकडा घसरू लागलेला. एकला ८१. पावणेदोनला, गाडी थांबली तेव्हा, ५९. तीसुद्धा चालून तापलेल्या टायरातली. थंड झाल्यावर अजून खालीच गेली असती. आणि ८१वरून ५९पर्यंतचा सगळा रस्ता गाडीने माल भरून कापलेला. जोडचाकाचं हेच वाईट. आतला टायर बसला तरी बाहेरचा ओझं उचलून धरतो, चालकाला स्टिअरिंगमध्ये काही जाणवत नाही. दिवा लागला होता, पण थांबायला जागा नव्हती.

मोठ्या टायरच्या बाबतीत एक रेघ आखलेली आहे: ठरलेल्या हवेच्या ८० टक्के. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत, ओशाच्या १९१०.१७७ या कलमात, ती स्पष्ट लिहिलेली आहे. त्या रेघेच्या वर असाल तर चाक गाडीवर ठेवून हवा भरता येते, तीही लांबून, आणि टायर फुटला तर झोत जिथे येईल तिथे कोणी उभं न राहता. रेघेच्या खाली चालवलेला टायर पूर्ण उतरवायचा, चाक काढायचं, आतून तपासायचं. आमच्यासाठी ती रेघ ८८. कारण असं की कमी हवेत चाललेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आतल्या पोलादी तारा एकेक तुटत जातात, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मग कोणी हवा भरायला बसतो. दाब चढता चढता राहिलेल्या तारा ओळीने तुटतात, पिशवीची चेन उघडावी तशी. बाजूला बसलेल्या माणसाला हलायला वेळ मिळत नाही.

आणि काका दोन वीत पाइपाच्या टोकाला, चाकासमोर उकिडवे बसले होते.

"काका, पंप तसाच राहू दे. उठा, आणि गाडीच्या नाकापुढे चालत जा. चाकासमोरून जाऊ नका."

"बंद करून जातो ना."

बंद करायचं बटण पंपावर. पंप चाकाला लटकलेला. बटण दाबायचं तर काकांना स्वतःचं तोंड पुन्हा चाकासमोरच न्यावं लागणार. दोन सेकंदांचं काम होतं, आणि ते सांगावं की नाही यावर मी नक्कीच दोन सेकंदांपेक्षा जास्त अडलो.

"नको. चला तुम्ही. आता पंपाच्या पडद्यावर किती आहे?"

"८४ दिसली होती."

त्यांच्या चपलांचा आवाज, वाऱ्याचा आवाज. घरघर लांब गेली. मी संगणकावरचा आकडा बघत बसलो, पण तो दर काही मिनिटांनीच बदलतो, तेव्हा त्या घडीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. भरायला घेऊन पंचवीस मिनिटं होत आली होती. सकाळचा पंप इतका वेळ टिकला नव्हता.

"साहेब," काका म्हणाले, "आवाज थांबला."

डिझेलची गाडी असती तर हवा भरताना इंजिन चालू राहिलं असतं आणि एवढ्या लांबून काही ऐकू आलं नसतं. ही गाडी मुकी उभी होती म्हणून कळलं. पंप तापून बंद पडला होता. मी काकांना गाडीपासून लांब थांबायला आणि कुणाला जवळ येऊ न द्यायला सांगितलं, आणि टायरवाल्याला घेऊन निघालो.

पोचलो तेव्हा टायर निवला होता. टायरवाल्याने बाजूला उभं राहून, हात लांब करून, जोडीतल्या दोन्ही टायरच्या वॉल्व्हमधल्या पिना काढल्या. पूर्ण हवा गेल्याशिवाय त्याने नटाला पाना लावला नाही. काका हे सगळं बघत होते आणि मध्येच म्हणाले, "एवढं सगळं असतं होय." मला वाटलं ते टोमणा मारतायत. नव्हते मारत.

संध्याकाळी टायर डिस्कवरून उतरवला आणि आत टॉर्च मारला. बाजूच्या आतल्या रबरावर सुरकुत्या, रंग निळसर पडलेला, आणि तळाला रबराचा काळा भुगा, मूठभर तरी. टायरवाल्याने बाजू दोन हातांनी दाबली. एका जागी ती पुठ्ठ्यासारखी मऊ वाकली. त्याने काही न बोलता टायरवर खडूने मोठी फुली मारली.

पंक्चर कुठेच नव्हतं. खिळा नाही, चीर नाही. पाण्यात धरल्यावर बुडबुडे आले ते वाढीव नळीच्या मुळाशी. ती नळी वॉल्व्हची आतली पिन कायम दाबून ठेवते. म्हणजे टायरची हवा अडवायला उरतं ते फक्त नळीचं स्वतःचं तोंड आणि तिचे आटे. चाकाच्या हादऱ्यांनी आटे सैल झाले, हवा गेली. दोन वीत पाइपाचा पंप सोयीचा व्हावा म्हणून मी लावलेली नळी. काकांना ते मीच सांगितलं. ते थोडा वेळ नळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पण सोपं मात्र झालं होतं."

रात्री तक्ता पुन्हा काढला. माझे सकाळचे रकाने म्हणजे वेळ, आवाज, वजन, पाइप, वायर. सगळे हवा भरायला घेतल्यानंतरचे. पंपाच्या स्मरणात काय होतं तर लावून ठेवलेले ११०. तोंड लावल्याबरोबर दिसलेला आकडा त्याने क्षणभर दाखवला आणि पुसून टाकला. आधी मोजा, बघा, मग माणसाने दुसऱ्यांदा बटण दाबल्यावरच सुरू व्हा, एवढी साधी अडवणूक त्यात नव्हती. उलट एका बटणात काम होतं म्हणून मी त्याला त्या रकान्यात पूर्ण गुण दिले होते. ते खोडले. नवा रकाना आखला: 'सुरुवातीचा दाब थांबून दाखवतो का'. तिघांपुढेही 'नाही' आलं, माझ्या आवडत्या जड पंपापुढेसुद्धा. मग त्याच्याबरोबर प्रत्येक गाडीत एक साधं काट्याचं गेज आणि दारावर चिकटवायला एक ओळ: ८८च्या खाली असेल तर भरू नका, फोन करा.

'तापून मध्येच बंद पडतो' ही ओळ खोडायला पेन टेकवलं, आणि तशीच ठेवली. दोष तो दोषच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या तेरा गाड्यांच्या वाढीव नळ्या काढायला बसलो. तेरांपैकी तीन गाड्यांत पाना लागलाच नाही, नळ्या नुसत्या बोटांनी फिरल्या.