व्हीएफआर उडताना क्यूएनएच कुठून घ्यायचा?

अल्टिमीटर उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची दाखवतो. म्हणून तबकडीवरच्या छोट्या खिडकीत त्या भागातला, त्या वेळचा, समुद्रसपाटीच्या हिशोबाने काढलेला दाब आपण भरायचा. तोच क्यूएनएच. आयएफआरवाल्यांना, म्हणजे उपकरणांच्या भरवशावर उडणाऱ्यांना, कंट्रोलर तो आकडा वेळोवेळी देतो. आम्हा व्हीएफआरवाल्यांना, म्हणजे बाहेर बघून उडणाऱ्यांना, बऱ्याचदा कोणाशी बोलायचं बंधन नसतं, त्यामुळे आयतंही काही मिळत नाही.

मी रेडिओ लावायच्या आधीच नॉब फिरवून काटे धावपट्टीच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर आणते आणि खिडकीत काय आलं ते बघते. समजा १००९ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) आलं. मग एटिस, म्हणजे विमानतळाची हवामान-माहिती रेडिओवर सतत ऐकवणारं रेकॉर्डिंग, ऐकायचं. तिथे १००८ असेल तर बिनधास्त निघायचं. एटिसचा आकडा लावल्यावर काटे धावपट्टीच्या उंचीपासून ७५ फुटांहून जास्त हललेले दिसले, तर मात्र मेकॅनिकला गाठायचं. रेडिओच नसलेल्या विमानाला अमेरिकेच्या नियमांतही हीच पद्धत सांगितली आहे: निघताना धावपट्टीची उंची लावा.

वाटेत खरी आळशीपणाची परीक्षा. जमिनीलगत एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७ ते ३० फूट. १०२० लावून निघालात आणि १००८ च्या भागात शिरलात, तर काटे जे सांगतात त्याहून तुम्ही सव्वातीनशे-साडेतीनशे फूट खाली असता. सर्किटची, म्हणजे धावपट्टीभोवती मारायच्या फेऱ्याची, उंची बऱ्याच ठिकाणी जमिनीपासून १००० फूट असते, म्हणजे त्यातला एक तृतीयांश गेलाच की! तेव्हा वाटेवरच्या विमानतळांचं एटिस किंवा एडब्ल्यूओएस (स्वयंचलित हवामान केंद्राचं प्रसारण) लावून ऐकत राहायचं. त्यासाठी तोंडही उघडावं लागत नाही. फ्लाइट इन्फर्मेशनला (वैमानिकांना रेडिओवर माहिती देणारी सेवा) विचारलं तरी सांगतात, फक्त मिळालेला आकडा परत म्हणून दाखवायचा. टॅब्लेटवरचा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, हाही चालतो, पण आधी त्याची वेळ बघा; तो तासाभरापूर्वीचा असू शकतो.

‘जीपीएस आहे ना, मग कशाला?’ असं नवे लोक विचारतात. कारण समोरून येणारा दाबावरच उडतोय. सगळ्यांनी त्या भागातला एकच क्यूएनएच लावला, तर थंडीमुळे येणारी चूकही सगळ्यांची जवळपास सारखीच असते आणि दोन विमानांमधलं अंतर टिकतं. डोंगराला मात्र हा हिशोब लागू नाही. कडाक्याच्या थंडीत क्यूएनएच अगदी बरोबर असला तरी विमान काट्यांपेक्षा खालीच असतं, म्हणून तिथे मी माथ्यावरून जाताना चांगली ऐसपैस उंची ठेवते.