आंबवलेलं कोंबडीखाद्य: बादलीत नेमकं काय घडायला हवं

खाद्यावर पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि तीन दिवस विसरून जायचं, एवढ्या माहितीवर बादली भरली तर पहिली खेप बऱ्याचदा नशिबाने जमते. दुसरी किंवा तिसरी बिघडते. आंबणं आणि कुजणं दोन्ही एकाच ओल्या दाण्यापासून सुरू होतात. कोणते जंतू आधी बस्तान बसवतात यावर पुढचं सगळं ठरतं.

लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दाण्याच्या सालीवर आधीपासूनच असतात, ते बाहेरून आणावे लागत नाहीत. पण सालीवर ते एकटे नसतात. पाणी मिळालं की पहिल्या दिवस-दीड दिवसात कोलाय गटातले नको असलेले जंतूही वाढतात, आणि कधीकधी तेच आधी वाढतात. आम्ल पुरेसं साचलं, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.५ च्या खाली उतरला, की त्यांची वाढ मंदावते आणि लॅक्टिकवाले बाजी मारतात. म्हणून अगदी नव्या बादलीतलं, एका दिवसाचं, धड भिजलेलं नाही आणि धड आंबलेलंही नाही असं खाद्य सगळ्यात वाईट. घालायचं तर रात्रभर भिजवून सकाळी लगेच घाला, नाहीतर पूर्ण आंबू द्या. मधल्या अवस्थेत बादली उघडून वाटायला बसू नका.

तापमान २० ते २७ अंश असेल तर पहिल्या खेपेला तीन दिवस धरावेत. तिशीच्या वर दीड-दोन दिवसांत काम होतं. २० च्या खाली वेळ वाढतोच, शिवाय यीस्टचं फावतं. यीस्ट आम्लाऐवजी अल्कोहोल आणि वायू बनवतं, म्हणजे खाद्यातली ऊर्जा बादलीतून फसफसून उडून जाते. थंडीत बादली घरात ठेवण्याचं खरं कारण हे आहे.

पहिली खेप नीट जमली की पुढचं सोपं. तळाशी एक पंचमांश ते एक चतुर्थांश आंबवलेलं खाद्य पाण्यासकट राखायचं आणि त्यावर नवं घालायचं. हेच विरजण. आम्ल आणि हवे ते जिवाणू सुरुवातीपासूनच भरपूर असल्यामुळे ती धोक्याची मधली अवस्था जवळजवळ टळते आणि २५ अंशांच्या आसपास २४ तासांत खाद्य तयार होतं. दही किंवा व्हिनेगर घालायचा सल्ला जागोजागी मिळतो. चमचाभर दह्याने नुकसान नाही, पण गरजही नाही. व्हिनेगरमधलं आम्ल वेगळं, त्याने विरजण लागत नाही. मीठ मात्र अजिबात नको. भाज्या आंबवायची सवय असलेला हात इथे मिठाच्या डब्याकडे जातो, आणि कोंबड्यांना जादा मीठ सोसत नाही.

आता प्रमाण. मॅशला, म्हणजे दळलेल्या खाद्याला, वजनाने एकास सव्वा ते दीडपट पाणी लागतं. त्याची लापशी व्हायला हवी, सूप नको. अख्ख्या धान्याला एकास दोनपर्यंत पाणी घाला; दाणे फुगल्यावरही वर तीन-चार बोटं पाणी राहिलं पाहिजे. पेलेट, म्हणजे दाबून बनवलेल्या खाद्याच्या गोळ्या, फुगून विरघळतात, म्हणून सुरुवातीला भांडं अर्ध्याहून जास्त भरू नये. भांडं अन्नासाठीच्या प्लास्टिकचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असावं. जस्ताचा मुलामा दिलेली बादली चालणार नाही, कारण आम्लात जस्त उतरतं आणि ते पक्ष्यांना विषारी असतं. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो.

नळाच्या पाण्यात साधं क्लोरीन असेल तर पाणी २४ तास उघडं ठेवून वापरावं. क्लोरामाइन असेल तर ते असं उडून जात नाही, त्याला कार्बन फिल्टर लागतो. पहिली खेप चार दिवस झाले तरी ढिम्म राहिली तर आधी पाण्यावर संशय घ्या.

आणि मग चुन्यावर. हा मुद्दा फारसा कुणी सांगत नाही, पण लेयर मॅशच्या (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याच्या) बाबतीत गाडी इथेच अडते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं आणि त्यातलं बहुतेक चुनखडीच्या रूपात असतं. जिवाणू आम्ल बनवतात, चुनखडी ते खाऊन टाकते. बादली छान फसफसते, बुडबुडे येतात, आपण खूश होतो; पण त्या बुडबुड्यांतला बराचसा वायू चुनखडीतून सुटलेला असतो आणि पीएच पाचच्या वरच घुटमळत राहतो. डोळ्यांना आंबलेलं दिसणारं हे खाद्य पुरेसं आंबट झालेलंच नसतं. पीएचच्या कागदी पट्ट्या घेऊन एकदा तपासलंत तर लगेच कळेल.

यावर सरळ उपाय म्हणजे सगळं खाद्य आंबवूच नये. धान्याचा भाग आंबवावा. प्रथिनं, जीवनसत्त्वं आणि खनिजं असलेलं पूरक खाद्य घालायच्या वेळी कोरडंच मिसळावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. यात आणखी एक फायदा आहे. तयार खाद्यात वरून घातलेलं मोकळं लायसिन आंबवताना काही जिवाणू फोडून टाकतात. लायसिन हे अंडी आणि पिसांना लागणारं अत्यावश्यक अमिनो आम्ल, ते असं गमावणं परवडत नाही. तुमच्याकडे फक्त तयार लेयर मॅशच असेल तर विरजण जरा जास्त, पाव भागाएवढं ठेवा, २४ तासांवर थांबा आणि कोंबड्यांच्या रोजच्या खाद्यातला अर्धाच भाग असा द्या. औषध मिसळलेलं खाद्य मात्र कोरडंच द्यावं. आंबवल्यावर त्यातली मात्रा किती उरली याचा हिशेब लागत नाही.

धान्य आंबवण्यातून मिळतं काय? धान्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात कुलूपबंद असतो आणि कोंबडीला त्याचा फार थोडा भाग मिळतो. भिजून आंबताना धान्यातलंच फायटेज हे एन्झाइम जागं होतं आणि कुलूप काही प्रमाणात उघडतं. गहू आणि जवात ते भरपूर असतं, मक्यात अगदी कमी. वाफेवर बनवलेल्या पेलेटमध्ये उष्णतेने ते बरंचसं मेलेलं असतं. तेव्हा गहू आंबवण्यात अर्थ आहे तितका पेलेट आंबवण्यात नाही. खाद्य कमी लागतं म्हणतात त्यातली मोठी बचत साधी आहे: कोरड्या मॅशचा भुगा भांड्याच्या तळाशी राहतो, चोचीने उडतो, तुसात मिसळतो. ओल्या खाद्यात तो दाण्याला चिकटून पोटात जातो.

बादली दिवसातून दोनदा ढवळावी, वर तरंगणारं खाली दाबावं. वर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय आली तर ते यीस्ट, ढवळून टाका. लोकरीसारखं काही दिसलं, हिरवं, काळं किंवा गुलाबी, तर वरचं काढून खालचं वापरण्याचा मोह नको. सगळं फेकायचं, भांडं गरम पाण्याने धुऊन वाळवायचं आणि विरजणही नवं करायचं. वासाचा अंदाज लवकर बसतो. दह्यासारखा आंबट वास हवा. दारूचा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर यीस्ट वरचढ झालंय. एक-दोन दिवस खेपांचा वेळ कमी करून पाहा, नाहीतर नव्याने सुरुवात करा. ओकारीसारखा किंवा सडका वास असेल, खाद्याला तार सुटत असेल, तर विचार करत बसू नका. वास ठीक असला तरी महिन्या-दीड महिन्याने विरजण बदललेलं बरं, कारण प्रत्येक खेपेगणिक यीस्ट थोडं थोडं साचत जातं.

घालताना सगळ्यात जास्त होणारी चूक मापाची. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १२० ग्रॅम कोरडं खाद्य खाते. एक किलो मॅशमध्ये सव्वा लिटर पाणी घातलं की सव्वादोन किलो ओलं खाद्य होतं, म्हणजे १२० ग्रॅम ओल्यात कोरडं जेमतेम ५३ ग्रॅम. रोजच्याच मगाने ओलं मोजून दिलं की कोंबडी अर्धपोटी राहते, दहा-बारा दिवसांत अंडी घटतात आणि दोष आंबवण्यावर येतो. सहा कोंबड्यांना अर्धं खाद्य आंबवून द्यायचं तर रोज ३६० ग्रॅम कोरडं घ्या. त्याचं ओलं ८०० ग्रॅमच्या आसपास होईल. उरलेलं निम्मं कोरडं समोर असू द्या. दोन-तीन लिटरचं भांडं यासाठी पुरतं. पाणी वर सुटलं तर ओतून देऊ नका. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्यात उतरलेली असतात, ते पुढच्या खेपेला वापरा.

सवय आठवडा-दहा दिवसांत लावावी, आधी कोरड्यात थोडं मिसळून. सकाळी घालावं. उन्हाळ्यात तीन-चार तासांनी उरलेलं उचलावं आणि भांडं रोज घासावं. कडेला वाळलेला थर राहिला की माश्या आणि बुरशी दोन्ही तिथून सुरू होतात.

अंड्यावरच्या कोंबड्यांना ओलं आंबवलेलं खाद्य देऊन डेन्मार्कमध्ये केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात अंडी वजनदार आणि कवच मजबूत आढळलं, पण त्याच कोंबड्यांमध्ये एकमेकींना टोचण्याचं प्रमाण जास्त आणि पिसांची अवस्था वाईट होती. परसातल्या चार-सहा कोंबड्यांनाही हे लागू पडू शकतं. ओलं खाद्य आवडीचं, भराभर संपणारं. दुबळी कोंबडी मागे ढकलली जाते आणि उरलेला दिवस सगळ्या रिकाम्या. म्हणून गोल वाटीऐवजी लांब भांडं घ्या, प्रत्येकीला निदान १०-१२ सेंटीमीटर जागा मिळू द्या, नाहीतर दोन ठिकाणी घाला. अख्खे दाणे देत असाल तर पाथरीत (दाणे दळणाऱ्या जाड पोटात) दळायला खडे लागतात, ग्रिटचं भांडं जवळ असू द्या.

आंबवल्याने खराब धान्य चांगलं होत नाही. बुरशी लागलेल्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आंबवून जाईल या भरवशावर राहू नका. कच्च्या राजम्यासारख्या शेंगवर्गीय बियांतले विषारी घटक आणि कच्च्या सोयाबीनमधले पचन रोखणारे घटक घालवायला उष्णताच लागते.

पिल्लांना द्यायचं असेल तर बारीक चुऱ्याचं, पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच द्या आणि भांडं लगेच उचला. ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीच्या) उबेत ओलं खाद्य झपाट्याने बिघडतं. ते सांडून तूस ओलं झालं तर कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाला मोकळं रान मिळतं. गळ्याखालची अन्नपिशवी सकाळी उपाशीपोटीही मऊ, फुगलेली आणि आंबट वासाची लागत असेल, तर त्या कोंबडीचं आंबवलेलं खाद्य त्याच दिवशी बंद करून तिला पशुवैद्याला दाखवा.