वहीची ४१ पानं: गेममधून गाण्याकडे, गाण्यातून सिनेमाकडे

मागच्या नोंदीनंतर वहीची आणखी अकरा पानं भरली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. गेम खेळताना एखादं गाणं मनात अडकलं, किंवा एखाद्या दृश्यात कुठल्यातरी सिनेमाची सावली दिसली, की तिचा माग काढायचा. एका पानावर एकच माग. सगळ्यात वर गेममधली जागा लिहायची, म्हणजे मी कुठे होते आणि काय करत होते. त्याखाली गाण्याचं नाव, मग ते गाणं मुळात कुठून आलं ते, आणि तिथून पुढे काय सापडलं ते. तिसऱ्या कडीपर्यंत पोचल्याशिवाय पान पूर्ण धरायचं नाही. आज ४१ पानांपैकी १९ पूर्ण आहेत.

या खेपेचा बराचसा वेळ ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ने घेतला. गेम २००८चा, कथा माझी कधीच संपलेली. आता मोहिमांकडे ढुंकूनही न बघता नुसती गाडी काढते आणि गाडीतल्या रेडिओवर एक स्टेशन लावून फिरते. या गेममध्ये एक सोय आहे, ती माहीत नसेल तर जरूर करून बघा. गाणं चालू असताना गेमचा नायक निकोच्या फोनवरून ९४८-५५५-०१०० हा नंबर लावायचा. थोड्या वेळाने मेसेज येतो आणि त्यात गाण्याचं आणि कलाकाराचं नाव असतं. माझ्या वहीतली निदान सहा पानं या नंबरामुळे सुरू झाली.

त्यातलं सगळ्यात मोठं पान ‘द जर्नी’ या स्टेशनचं. कॉम्प्युटरी आवाजातली निवेदिका, मध्ये फार बडबड नाही, आणि लांबच लांब वाद्यसंगीत. गेममधल्या शहरात ब्रोकर ब्रिज या पुलावरून अल्गोन्क्विन या भागाकडे निघाले होते. रात्रीची वेळ, पाऊस पडून गेलेला, रस्त्यावर दिव्यांचे पट्टे. तेवढ्यात खालच्या पट्टीतले, रेंगाळणारे तंतुवाद्यांचे सूर सुरू झाले. आधी वाटलं, काहीच घडत नाहीये. मग त्याच आकृतीवर दुसरा थर चढला, तिसरा चढला, ब्रास आले, मागून समूहस्वर उठला, आणि पूल संपेपर्यंत मी गाडी कडेला उभी केली होती. गाडी चालवत ते ऐकणं जमेना. तुकड्याचं नाव ‘प्रुइट आयगो’, संगीतकार फिलिप ग्लास.

हा तुकडा १९८२च्या ‘कोयानिस्कात्सी’ या गॉडफ्री रेजिओच्या चित्रपटातला आहे. होपी भाषेतल्या या शब्दाचा अर्थ ढोबळपणे ‘तोल गेलेलं जगणं’. चित्रपटात संवाद नाहीत, निवेदन नाही, पात्रं नाहीत, फक्त चित्रं आणि ग्लासचं संगीत. प्रुइट-आयगो ही सेंट लुईस शहरातली सरकारी वसाहत, अकरा मजल्यांच्या ३३ इमारतींची. १९५०च्या दशकात उभी राहिली आणि १९७२पासून सुरुंग लावून पाडायला घेतली. चित्रपटात कॅमेरा त्या रिकाम्या इमारतींवरून तरंगत जातो, फुटलेल्या खिडक्यांच्या रांगांवर रांगा दिसत राहतात, आणि संगीत भरात आलं की इमारती खाली बसायला लागतात. पुलावर मला जे नुसतं ऐकू आलं होतं, त्याचं चित्र समोर पडद्यावर होतं. अंगावर काटा आला, आणि दोन दिवस दुसरं काही ऐकावंसं वाटलं नाही. मग गेमचा २००७मधला पहिला ट्रेलर पुन्हा लावला. त्यात हाच तुकडा आहे, आणि शहराची पळती दृश्यंही याच चित्रपटाच्या वळणावर जाणारी. किती वेळा पाहिला असेन तो ट्रेलर! माहीत नसल्यामुळे दिसलंच नव्हतं.

ग्लासच्या मागे आणखी खोदलं, आणि हे पान तिसऱ्या कडीवर थांबलं नाही. १९६०च्या दशकात पॅरिसमध्ये असताना ग्लासला एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य नोटेशनमध्ये उतरवायचं काम मिळालं होतं. तिथे अल्लारखाँ होते. मात्रांचे छोटे गट जोडत जोडत मोठं आवर्तन कसं बांधायचं, हे ग्लासला तिथे उमगलं आणि त्याची लिहिण्याची पद्धत बदलली. हे वाचल्यावर ‘प्रुइट आयगो’ पुन्हा लावला आणि बोटांवर मोजत बसले. थर का चढतात, हे मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

त्याच स्टेशनवर अमेरिकन संगीतकार टेरी रायलीचं ‘अ रेनबो इन कर्व्ड एअर’ आहे. ती रेकॉर्ड १९६९ची. रायली १९७०पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकला, आणि प्राणनाथ अब्दुल वाहीद खाँसाहेबांचे शिष्य. मी उत्साहाच्या भरात त्या रेकॉर्डमध्ये किराण्याचा सूर शोधत बसले होते, मग तारखा जुळवून बघितल्या. रेकॉर्ड आधीची, तालीम नंतरची. त्यामुळे पानावर स्पष्ट लिहिलंय की हा प्रभाव नाही, फक्त पुढचा रस्ता आहे. पण तो रस्ता धरून मी प्राणनाथांच्या गाण्यापर्यंत पोचले. एकेका स्वरावर इतका वेळ थांबणारं गाणं मी पूर्वी कधी शांतपणे ऐकलं नव्हतं. गेममधल्या एका पुलावरून निघून इथे येऊन पोचले, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

दुसरं पान ‘व्लादिवोस्टॉक एफएम’चं. सूत्रसंचालन युक्रेनच्या रुस्लानाचं, गाणी पूर्व युरोपातली. तिथे मला ‘किनो’ हा बँड भेटला आणि त्यांचं ‘ग्रुप्पा क्रोवी’. शब्दांतलं काही कळत नव्हतं, पण व्हिक्टर त्सोईचा तो सपाट, आवाज न चढवता गाणारा गळा विसरता येईना. नाव मिळाल्यावर कळलं की त्सोईने १९८८च्या ‘इग्ला’ या सिनेमात मुख्य भूमिकाही केली होती. रशीद नुग्मानोव्हचा, अल्मा-अतामध्ये घडणारा सिनेमा. शेवट सांगू नये हे मला माहीत आहे, तरी एवढं सांगते की शेवटच्या दृश्यात बर्फातली वाट आहे आणि हेच गाणं आहे. त्सोई १९९०मध्ये अपघातात गेला, वय अवघं २८. हे आधी वाचून बसले होते, त्यामुळे ती वाट बघणं जड गेलं.

या पानाने मला एक नियम शिकवला. २०१८मध्ये या गेममधल्या गाण्यांचे दहा वर्षांचे परवाने संपले, आणि अपडेटमध्ये बरीच गाणी काढली गेली. सगळ्यात जास्त फटका याच स्टेशनला बसला. त्यांच्या जागी काही नवी गाणी आली, पण ते स्टेशन वेगळंच झालं. वहीतल्या काही नोंदी ताडून बघायला गेले तेव्हा गाणी जागेवर नव्हती. पुस्तकाची जुनी आवृत्ती निदान कपाटात राहते, गेम मात्र आपल्या नकळत आतून बदलतो. तेव्हापासून गाणं आवडलं की त्याच दिवशी नाव, स्टेशन आणि जागा लिहून ठेवते. ‘नंतर बघू’ म्हटलेल्या दोन पानांवर आजही नुसतं ‘बाईचा आवाज, अकॉर्डियन, बंदराजवळ’ एवढंच आहे.

२००२च्या पहिल्या ‘माफिया’ या गेमची गोष्टही तीच. त्याच्या नंतरच्या डिजिटल आवृत्तीत परवान्याची गाणी नाहीत, म्हणून जुन्या डिस्कवरून खेळले. गाडीत रेडिओ नाही, वस्ती बदलली की संगीत बदलतं. ताशी चाळीस मैलांच्या वर गेलं की पोलीस मागे लागतात, म्हणून वेगाला लगाम घालणारं बटण दाबून निवांत जायचं. या संथपणामुळेच जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट माझ्या कानात बसला. वेगवान गेम असता तर ती गिटार इंजिनाच्या आवाजात बुडून गेली असती. १९२८मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने सुरावटी वाजवण्याची आपली रीत उभी केली. हे समजल्यावर तेच तुकडे परत ऐका. सिनेमाची कडी अजून लागलेली नाही, पान अपूर्ण.

आता ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’. २०२०चा, जपानी बेटावर घडणारा सामुराईचा गेम. यात जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या नावाचा कृष्णधवल मोड आहे, चित्रावर जुन्या फिल्मचा दाणा, आवाज जुन्या धाटणीचा आणि वारा जास्त जोराचा. मी पहिल्याच दिवशी तो लावला आणि चूक केली. हा गेम वाट दाखवतो वाऱ्याने आणि सोनेरी पक्ष्याने, जागा सांगतो झाडांच्या आणि फुलांच्या रंगांनी. रंग काढून टाकल्यावर अर्धी भाषाच गेली, आणि मी तीन तास भरकटत राहिले. माझा सल्ला असा: बेट आधी रंगात फिरून घ्या, आणि द्वंद्वाच्या वेळी मोड बदला. तिथे तो खरा खुलतो.

कारण द्वंद्वाआधीचा थांबा. समोरासमोर उभं राहायचं, बटण दाबून धरायचं, आणि समोरचा हलला की त्याच क्षणी सोडायचं. तो खोटं हलतो, फसवतो. आपलं बोट थरथरतं. अशा चाळीसेक थांब्यांनंतर मी कुरोसावाचा ‘सान्जुरो’ पाहिला, १९६२चा. शेवटी दोघं अगदी जवळ उभे राहतात आणि कितीतरी वेळ काहीच होत नाही. त्या ‘काहीच होत नाही’मध्ये माझं बोट आपोआप सोफ्याच्या कडेवर दाबलं गेलं होतं. गेमने शिकवलेलं शरीर सिनेमा बघत होतं, असंच म्हणावं लागेल. २०७ मिनिटांचा ‘सेव्हन सामुराई’ दोन रात्रींत पाहिला. पावसातली शेवटची लढाई एका वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेली आहे. चिखलात घोडे कुठून कुठे जातायत हे एरवी मला समजलं नसतं, पण आता गावाची कुंपणं आणि वाटा मी खेळाडूच्या डोळ्यांनी मोजत होते.

मला वाटलं होतं हे पान कुरोसावापाशीच संपेल. पण सवयीप्रमाणे श्रेयनामावली शेवटपर्यंत बघितली. संगीतकार दोन, इलान एश्केरी आणि शिगेरू उमेबायाशी. उमेबायाशीचं नाव ओळखीचं वाटलं, म्हणून शोधलं. १९९१मध्ये सेजुन सुझुकीच्या ‘युमेजी’साठी त्याने एक वॉल्ट्झ लिहिला होता. तोच पुढे वाँग कार-वाईने २०००च्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये वापरला. तीन मात्रांचा ठेका, छेडलेल्या तारा, आणि वरून ओढत येणारं व्हायोलिन. मॅगी च्युंग हातात नूडल्सचा डबा घेऊन अरुंद जिन्याने उतरते, तिची चाल त्या ठेक्यावर मंदावते, जिन्यात टोनी लेउंग बाजूने जातो. दोघं काही बोलत नाहीत. हे दृश्य चित्रपटात पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी थोडं जास्त दुखतं. तलवारींच्या गेममधून निघून मी या जिन्यात उभी राहीन असं कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. या वर्षातलं माझं सगळ्यात आवडतं पान हेच.

‘सिव्हिलायझेशन ४’ची नोंद छोटीच. या गेममध्ये एक संस्कृती प्राचीन काळापासून आधुनिक युगापर्यंत न्यायची असते. सुरुवातीच्या मेनूमधलं ‘बाबा येतू’ सगळ्यांना माहीत आहे, २०११मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं आणि गेमसाठी लिहिलेल्या संगीताला मिळालेलं ते पहिलं. मला सांगायचंय ते वेगळं. या गेममध्ये युगाप्रमाणे संगीत बदलतं, आणि आधुनिक युगात पोचल्यावर अमेरिकन संगीतकार जॉन अ‍ॅडम्स ऐकू येतो. म्हणजे तो ऐकायचा तर संस्कृती तगवायला हवी. माझी आठ-नऊ तासांत पोचली. नकाशा रेल्वेने भरलेला आणि मागून ‘शेकर लूप्स’.

एक प्रयोग फसला, तोही लिहिते. मध्यंतरी वेळ वाचावा म्हणून न खेळलेल्या चार गेमच्या गाण्यांच्या याद्या काढून सलग ऐकल्या. सत्तरेक गाणी झाली. महिन्याभराने तपासलं तर चालीसकट आठवणारी फक्त तीन. पुलावरचा ग्लास मात्र कुठल्या वळणावर सुरू झाला आणि समोर कुठल्या रंगाची टॅक्सी होती, हेही आठवतं. हात कामात असतात, डोळे रस्त्यावर असतात, आणि गाणं त्या जागेला चिकटून बसतं. याद्यांतली चारही पानं फाडली आणि ते गेम खेळायच्या रांगेत लावले.

४२वं पान कालच उघडलं. ‘अ‍ॅलन वेक’ हा गेम, त्यातल्या पहिल्या एपिसोडचा शेवट, पडदा काळा होतो आणि रॉय ऑर्बिसनचं १९६३चं ‘इन ड्रीम्स’ सुरू होतं. हेच गाणं डेव्हिड लिंचच्या १९८६च्या ‘ब्लू व्हेल्व्हेट’मध्ये आहे, एवढं शोधून झालंय. सिनेमा शनिवारी रात्री. त्याआधी गेमचा दुसरा एपिसोड खेळायचा नाही असं ठरवलंय. बंदराजवळच्या त्या अकॉर्डियनवाल्या बाईचं नाव कोणाला ओळखू येत असेल तर सांगा, पान अजून उघडं आहे.