त्या हीरोंचा राग येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: येतो. भरपूर येतो. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली मिल्स अँड बूनची इंग्रजी प्रेमकथांची पुस्तकं फळ्या भरून आहेत हे कळलं, की धरमपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मुलींपासून बँकेतल्या जुन्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या हेच विचारतात. "ताई, इतक्या शिकलेल्या तुम्ही, आणि तो दंड धरून खेचणारा, सदा टोमणे मारणारा माणूस कसा चालवून घेता?"

चालवून आम्ही तेव्हाही घेत नव्हतो. एलएडी कॉलेजात असताना पुस्तक एकीनं भाड्यानं आणायचं आणि वाचायचं सगळ्यांनी, असा हिशोब होता. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. कूलर घरघरतोय, मोठी माणसं झोपलीत, अशा एका दुपारीत एकशेऐंशी-नव्वद पानं सहज संपत. संध्याकाळी ऊन उतरलं की पंचनामा. "हिनं त्याच्या कानाखाली काहून नाही दिली?" "त्याच्यासाठी चांगली नोकरी सोडून राहिली ही, वेडी का काय!" लायब्ररीच्या प्रतींत तर समासात पेन्सिलीनं शेरे असत. "मूर्ख मुलगी." "इथून पुढे कंटाळा." एका अनोळखी बाईचं अक्षर मी ओळखायला लागले होते, कारण तिचं आणि माझं मत नेहमी जुळायचं. लायब्ररीवाले काका वैतागत, पण एकही शेरा त्यांनी खोडल्याचं आठवत नाही. बहुधा तेही वाचत असावेत.

मग राग येऊनही पुस्तक हातातून का सुटत नव्हतं? याचं उत्तर मला फार नंतर, त्या कंपनीचा इतिहास वाचताना मिळालं. मिल्स अँड बून १९०८ साली लंडनमध्ये सुरू झाली. संस्थापकांपैकी चार्ल्स बून यांचा मुलगा ॲलन बून पुढे संपादनाचं काम बघत असे, आणि त्याचे दोन आवडते नियम होते. एक, नायक जबरदस्त हवा, कळपातला म्होरक्या. दुसऱ्याला तो 'लबकचा नियम' म्हणायचा. पर्सी लबक या समीक्षकानं १९२१ मध्ये कादंबरीच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं होतं, त्यावरून हे नाव. नियम एवढाच, की गोष्ट नायिकेच्या नजरेतून सांगायची.

हे दोन नियम एकत्र आले की काय होतं बघा. नायक दांडगट आहे, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला कधीच सांगितलं जात नाही. नायिकेला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. तो दार आपटून गेला, तो संतापानं की हेव्यानं? तिच्या आजारपणात रात्रभर बसला कोण? आम्ही ही पुस्तकं प्रेमकथा म्हणून कमी आणि रहस्यकथा म्हणून जास्त वाचत होतो. शेवटच्या प्रकरणात तो कबुली देतो, "पहिल्याच दिवशी मी तुझ्या प्रेमात पडलो होतो," आणि आपण मागची पानं उलटून पुरावे तपासतो. कित्येकदा पुरावा सापडत नाही. तिथे लेखिका नापास. पुढच्या काळात नायकाची बाजूही सांगायची पद्धत रुळली. माणसं समजायला सोपी झाली हे खरं, पण माझ्या मते निम्मी गंमत गेली.

आता जे खटकतं ते. जबरदस्तीचं चुंबन आणि त्यावर नायिकेचं विरघळणं, हे आज मला वाचवत नाही. अठराची ती आणि सदतीसचा तो, हेही नाही. ग्रीक जहाजमालक आणि वाळवंटातले शेख तर असे रंगवलेले, की त्या देशातल्या कुणाच्या हाती पुस्तक पडलं तर काय म्हणतील, असं वाटतं. "तो काळच तसा होता" ही सबब मात्र मला पटत नाही. माझ्या त्याच फळीवर, त्याच वर्षांतले, नीट बोलणारे, चूक झाली तर माफी मागणारे डॉक्टरही आहेत. म्हणजे लिहिता येत होतं.

आजच्या मुली पहिल्याच प्रकरणात "रेड फ्लॅग" म्हणून मोकळ्या होतात. त्यांचा राग रास्तच आहे. त्यापुढे त्या जे गृहीत धरतात, की तुम्ही बायका हे वाचून बिघडलात, त्यावर माझा आक्षेप आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेनं एका गावातल्या नेमानं रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायका चांगला रोमान्स आणि फसलेला रोमान्स काटेकोरपणे वेगळा काढत, आणि क्रूर नायकांची पुस्तकं त्यांना नको असत. शिवाय वाचनाचा तो वेळ कुणाचं काही करायचं नाही असा, फक्त स्वतःचा, म्हणून त्यांना मोलाचा होता. हे वाचून मला आमच्या मावशीचीच आठवण झाली. तिनं पुस्तक उघडलं की चहासुद्धा कुणी मागायचा नाही. नव्वदच्या दशकात राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादच्या कॉलेजातल्या मुलींशी बोलून असंच काम केलं. त्या मुली इंग्रजी सुधारतं असंही सांगत. आमच्याकडेही घरी तेच सांगितलं जायचं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. 'सार्डॉनिक', म्हणजे कुत्सित, हा शब्द मी दुसरीकडे कुठे शिकले असते?

भाचीला गेल्या उन्हाळ्यात दोन पुस्तकं दिली. शेखवालं तिनं तिसऱ्या प्रकरणात टाकलं. दुसरं, खेड्यातल्या दवाखान्याचं, एका बैठकीत संपवलं आणि त्यातल्या नर्सनं शेवटी राजीनामा दिला म्हणून माझ्याशी तासभर भांडली, जणू ते मीच लिहिलं होतं. जाताना म्हणाली, "मावशी, अजून दवाखान्याची असतील तर दे. पण आधी तू वाचून सांग, नोकरी सोडते का ते."